हिरडीपासून हृदयापर्यंत

आमचं गाव सिद्धेश्वर, जिल्हा हिंगोली. येलदरीहून सुटलेलं पूर्णेचं पाणी आमच्या धरणात येतं आणि तिथून कालव्यांनी शेतांत जातं. त्यामुळे कालवा कुठं फुटेल, कुठं तुंबेल हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माणसाच्या आतले कालवे मात्र मलाही ठाऊक नव्हते. आबांना अॅटॅक आला तेव्हा त्यांची ओळख झाली.

आबांचं वय ६८. तंबाखू-चुना कायमचा. हिरड्यांतून रक्त येतं हे दहा वर्षांपासून घरात सगळ्यांना माहीत. त्यावर त्यांचा एकच जवाब, "दात पडून कोण मेलंय रे लेकरा?" गेल्या हिवाळ्यात त्यांनी आठवडाभर ताप-खोकला अंगावर काढला आणि ताप उतरतो न उतरतो तोच छातीत कळ आली. नांदेडला नेलं, वाचले. तिथंच कळलं की साखरही भरपूर वाढलीय. घरी सोडताना डॉक्टरांनी आबांना तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "आता दातांच्या डॉक्टरकडे जायचं."

मी चक्रावलो! हृदयाच्या डॉक्टरला दातांशी काय देणंघेणं? मग लायब्ररीत बसून वाचत सुटलो.

मित्रांनो, आपण मेकॅनिकलवाले धमनीला पाइप समजतो. आत गाळ साचला की ब्लॉक! पण धमनी जिवंत असते. चरबी तिच्या भिंतीच्या आत शिरते, तिथं पांढऱ्या पेशी जमतात, दाह सुरू होतो. एखाद्या दिवशी त्या गाठीचं आवरण फाटतं, त्यावर रक्त गोठतं आणि अॅटॅक येतो. हिरड्यांत वर्षानुवर्षं पू असेल तर चावताना, दात घासताना जंतू थोडे थोडे रक्तात उतरतात. शरीरात कायम मंद विस्तव पेटलेला राहतो. रक्तातलं सीआरपी वाढतं ते त्याचाच धूर.

१९८८ साली फिनलंडमध्ये सायक्कू आणि सहकाऱ्यांना हृदयरोग्यांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या फुप्फुसाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं जास्त सापडली. पुढच्याच वर्षी तिथंच खराब दात आणि अॅटॅक यांचा संबंध दिसला. मग काय, अँटिबायोटिक द्या आणि हृदय वाचवा! पण २००५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. सुमारे चार हजार हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अॅझिथ्रोमायसिन दिलं होतं. फायदा शून्य! हिरड्यांचंही तसंच. संबंध दिसतो, पण हिरड्या बऱ्या केल्या म्हणून अॅटॅक टळतात, हे अजून सिद्ध नाही. तंबाखू आणि साखर दोन्हीकडे नासधूस करतात, त्यामुळे खरा गुन्हेगार वेगळा काढणं अवघड. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे आपल्याला स्टॅटिस्टिक्सच्या तासाला शिकवलंय. ते पहिल्यांदा घरच्या माणसाच्या बाबतीत पटलं.

तापाचा पुरावा मात्र जास्त भक्कम आहे. २०१८ साली कॅनडातल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत अॅटॅकचा धोका सुमारे सहा पट आढळला. २०२१ च्या एका चाचणीत अॅटॅकनंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांत पुढच्या वर्षभरात मृत्यू कमी झाले. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा 'साधा ताप' नेहमीच साधा नसतो.

आणि मूळ हिशेब विसरायचा नाही. २००४ साली ५२ देशांतल्या अभ्यासानं दाखवलं की पुरुषांतल्या अॅटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींतून येतो. तंबाखू, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पोट, ताणतणाव वगैरे. त्या यादीत जंतू नाहीत. आपल्याकडे तर अॅटॅक इतर देशांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधीच येतो.

मग हिरड्या सोडून द्यायच्या? मुळीच नाही. हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही आणि साखर वाढली की हिरड्या बिघडतात. ही साखळी तोडली तरी पुष्कळ झालं. आबांनी तंबाखू सोडलीय, निदान आमच्यासमोर तरी! दोन दात काढले, बाकीचे साफ केले.

आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीतला पुरुष दुखणं सांगत नाही, आपणच विचारावं लागतं. या दिवाळीत घरी गेलात की तीन गोष्टी विचारा. साखर आणि बीपी कधी तपासलं? हिरड्यांतून रक्त येतं का? मागचा ताप अंगावर काढला होता का? आणि मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक मात्र आणू नका. विचारायला पैसे पडत नाहीत, फक्त थोडा धीटपणा लागतो!