पाच बाइट

पाच बाइट बदलायचे, एवढंच काम. एक्स८६ प्रोसेसरवरच्या लिनक्स कर्नेलमध्ये बहुतेक फंक्शनांच्या तोंडाशी पाच बाइटांची, काहीच न करणारी एक सूचना राखून ठेवलेली असते. ट्रेसिंग, म्हणजे कोणतं फंक्शन कधी चालतं याची नोंद, सुरू केलं की तिच्या जागी तेवढ्याच लांबीचा, ट्रेसरला बोलावणारा कॉल येतो.

शिकत असताना मी ते पाचही बाइट एका दमात लिहून टाकले होते. माझ्या छोट्या मशीनवर सगळं सुरळीत चाललं; अनेक कोअरच्या सर्व्हरवर मात्र कर्नेल कोसळला. दुसरा कोअर नेमका तिथूनच चालला होता. त्याने अर्धी जुनी, अर्धी नवी सूचना वाचली. ती कुणीच लिहिलेली नव्हती.

सगळे कोअर थांबवून बदल करता येतो. तो रविवारचा मेगाब्लॉक. आज कर्नेल गाड्या चालू ठेवून रूळ बदलतो. आधी पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंट, म्हणजे लाल बावटा. मग प्रत्येक कोअरला ताजा कोड वाचायला लावायचं. मग उरलेले चार बाइट, पुन्हा तीच खातरजमा. शेवटी बावटा काढून खरा पहिला बाइट, आणि पुन्हा एकदा खातरजमा. मधल्या वेळात कुणी आलंच, तर बावट्यापाशी अडतं. तिथला हँडलर नव्या सूचनेचं काम स्वतः करून त्याला पुढे धाडतो.

तरी एक भीती उरते. २००८ मध्ये कर्नेलच्या २.६.२७ आवृत्तीची तयारी चालू असताना इंटेलची ई१०००ई नेटवर्क कार्डं निकामी होऊ लागली. संशय ड्रायव्हरवर गेला. दोष निघाला ट्रेसरचा. मॉड्यूलचा सुरुवातीचा कोड काम संपवून मेमरीतून गेला होता, पण त्याचे पत्ते ट्रेसरच्या नोंदीत तसेच राहिले. त्याच पत्त्यांवर पुढे कार्डाची मेमरी येऊन बसली. ट्रेसर बेफिकीर नव्हता, जुनी सूचना जुळली तरच बदल करत होता. पण तुलना-बदल करणारी प्रोसेसरची ती सूचना, तुलना फसली तरी जुनंच मूल्य परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या मेमरीत बिघडलं.

म्हणून कुणी पॅच दाखवायला आणला, की नवे बाइट मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी विचारते: ही जागा अजून आपलीच आहे का? आणि या क्षणी तिथे कोण उभं आहे?