शिबिराचा शिधा

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर म्हटलं की कार्यक्रमाधिकाऱ्याला आधी हिशेबाची वही उघडावी लागते. मी हे काम अंगावर घेतलं तेव्हा एका स्वयंसेवकामागे अख्ख्या शिबिराचे 450 रुपये मिळत. पन्नास पोरांचे साडेबावीस हजार. माणशी दिवसाला चौसष्ट रुपये आणि वर काही पैसे. त्यातच दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, जाण्यायेण्याचा टेम्पो, भोंगा, मंडप आणि पाहुण्यांच्या सत्काराचं शाल-श्रीफळ. हे गणित कागदावर कधीच सुटत नाही. ते सोडवतं गाव.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातल्या 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतही ती आहे. मुलांनी दोन वर्षांत 240 तास सेवा करायची आणि एकदा तरी गावात मुक्कामी शिबिर करायचं, की प्रमाणपत्र मिळतं. आमचं कॉलेज नागपूरच्या तुकडोजी महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाला जोडलेलं. निम्मी मुलं प्रमाणपत्रासाठी यायची, काही जण घरच्या धानाच्या कामातून सुटका म्हणून. त्यात मला काही वावगं वाटत नसे. कशासाठी का होईना, पोरगं आलं तरी.

आमचं दत्तक गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला. या भागात शिबिराची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवरून ठरत नाही. आधी धान कापून, मळून घरात यायला हवं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तो हंगाम टाळायचा. मग नाटकांचा मोसम. वडसा इथून हाकेच्या अंतरावर, झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं ते माहेर, तेव्हा कुठल्या ना कुठल्या गावात रात्रभर नाटक असतंच. सरपंचांनी बजावलं होतं, "सर, त्या तारखेले आमच्याकडं नाटक आहे, तुमचा कार्यक्रम पाहाले कुत्रंही येनार नाही." तारखा जुळेनात, म्हणून आम्ही त्याच आठवड्यात शिबिर ठेवलं. मुलींनी हुंडाबंदीवर बसवलेलं पथनाट्य त्या रात्री दहा-बारा म्हाताऱ्या आणि माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकीणबाई यांच्यासमोर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभातफेरीला अर्धी पोरं जागरणाने पेंगत होती. रात्री ती कुठे होती, हे मी विचारलं नाही.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. डिसेंबरात गोंदियाची थंडी विदर्भात नाव काढण्यासारखी पडते, आणि शाळेची फरशी तर बर्फच. पहिल्याच संध्याकाळी एका घरून बैलगाडीभर तणस आली. धान मळल्यावर उरणारा हा पेंढा वर्षभर जनावरांना पुरवायचा असतो. उन्हाळ्यात त्याची किंमत कळते. तरी गाडी सांगून आली नव्हती, आणि कोणी पाठवली ते गाडीवानानेही नीट सांगितलं नाही. तणशीचा हातभर थर, वर सतरंज्या. त्या सात रात्री एकाही पोराला सर्दी झाली नाही.

तांदळाचा प्रश्न आला नाही. इथे घरटी पायलीभर तांदूळ मागायला संकोच वाटत नाही आणि द्यायलाही वाटत नाही. गुरुदेव सेवा मंडळाचे दोन कार्यकर्ते रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना घ्यायला येत, त्यांनीच टोपली फिरवली. ज्यांची जमीन बांध्यांच्या शेवटाला आहे, जिथे तलावाचं पाणी पोचत नाही, अशा घरांवरून टोपली पुढे न्यायची, हे त्यांना माहीत होतं. ते मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरीही तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एका घरची बाई ओंजळभर लाखोरीची डाळ पदरात घेऊन शाळेत आली आणि "आमच्या घरी काहून नाही आले?" म्हणून भांडली. बचत गटाच्या बाया पाळीपाळीने स्वयंपाकाला यायच्या. मजुरीचं विचारलं तर हसायच्या. चौथ्या दिवसापासून मात्र त्यांनी मुलांना भाजी चिरायला बसवलं, मुलींना नाही. "पोरी घरी करतेच," एवढंच कारण सांगितलं. माझ्या स्त्री-पुरुष समानतेवरच्या बौद्धिकाला यापुढे काय अर्थ उरतो?

श्रमदानाची दोन कामं ठरलेली होती. पहिलं वनराई बंधाऱ्याचं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. युरिया-सिमेंटची रिकामी पोती, त्यात नाल्यातलीच वाळू-माती, तोंडं शिवायची आणि विटांच्या बांधकामासारखी सांधा मोडून रचायची. दोन सकाळींत बांध उभा राहिला, मागे गुडघाभर पाणी साचलं आणि सगळ्यांचे फोटो निघाले.

दुसरं काम तलावाचं, आणि ते खरं काम होतं. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले, मालगुजारांच्या काळात राखले गेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव म्हणतात. बहुतेकांची आज एकच व्यथा. गाळ आणि बेशरम. बेशरमाची जांभळी फुलं दिसायला देखणी, पण काठापासून आत सरकत ही झुडपं तलाव गिळतात. मासे अंडी घालतात ते उथळ पाण्यातलं गवत त्यांच्याखाली मरून जातं. अर्जुनी मोरगावच्या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांसोबत या तलावांवर बरीच वर्षं काम केलंय. बेशरम काढायचं, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, मग स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, अशी त्यांची रीत.

आम्ही कोयते-कुऱ्हाडी घेऊन पोचलो तर मासेमारी सोसायटीतले एक वयस्क ढिवर काठावर उभेच होते. त्यांनी त्यातलं एकही हत्यार पाण्यात उतरू दिलं नाही. एक फांदी तोडून तिचे वीतभराचे तुकडे केले आणि ओल्या मातीत खोचून दाखवले. "एका झाडाचे तुमी चार कराल." बेशरम कापायचं नसतं, मुळासकट उपटायचं असतं. काडी पाण्याजवळ ठेवायची नाही, पाळीच्या पलीकडे कोरड्यात न्यायची, वाळवायची, जाळायची. त्यांनी पोरांच्या जोड्या लावल्या. एकाने खोड वाकवायचं, दुसऱ्याने सब्बलीने मूळ मोकळं करायचं. कंबरेएवढ्या गार पाण्यात ते स्वतः सगळ्यांच्या पुढे. माझा एक बी.कॉम.चा विद्यार्थी ढिवरांच्याच घरचा, पण ते तो कॉलेजात कोणाला सांगत नसे. तिसऱ्या सकाळी तो न सांगता पुढे गेला आणि पाण्यातली कोणती वनस्पती ठेवायची, कोणती काढायची हे बाकीच्यांना दाखवू लागला. त्याच्या हाताखाली पाटलांचा मुलगा काम करत होता. मी पाळीवरून पाहत होतो आणि माझ्या वहीत या गोष्टीला रकाना नव्हता.

दुपारच्या सत्रांना पाहुणे यायचे. काहींची भाषणं मी विसरलो, पोरं तर ऐकतानाच विसरत होती. सारसांवर बोलायला आलेला तरुण मात्र चालला. महाराष्ट्रात सारस पक्षी आता जवळजवळ गोंदियापुरतेच उरलेत, ते घरटं धानाच्या बांधीतही करतात, म्हणून शेतकऱ्याने मनावर घेतलं तरच वाचतील, हे त्याने पाच मिनिटांत सांगितलं आणि उरलेला वेळ मुलांना त्यांच्या गावच्या बांध्यांबद्दल विचारण्यात घालवला. आरोग्य विभागाच्या ताईंसोबत सिकलसेलच्या तपासणीसाठी मुली घरोघर फिरल्या. लग्न जुळवताना हे तपासायला हवं, असं एकोणीस वर्षांच्या मुलीने सासू होऊ घातलेल्या बाईला समजावून सांगणं सोपं नसतं. दोन घरांतून त्यांना हाकललंही. संध्याकाळी त्या चिडलेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी परत त्याच घरी गेल्या.

समारोपाला नेहमीचे सत्कार झाले. तांदूळ दीड पोतं उरला होता. परत करायचा तर कोणाला, म्हणून टोपलीवाले कार्यकर्ते तो अंगणवाडीत देऊन आले.

पावसाळ्यात नाल्याच्या पहिल्या पुराने बंधारा गेला. तो जाण्यासाठीच असतो, दरवर्षी नव्याने बांधायचा. तलावाचं मात्र वेगळं झालं. सोसायटीने निरोप धाडला की बेशरम परत डोकं काढतंय, आणि ते मुळापासून घालवायचं तर मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर या. मे महिन्यात विद्यापीठाच्या परीक्षा. शिबिर तेव्हा घेता येत नाही, अनुदानही नसतं. मी ते कळवलं. मग त्या बी.कॉम.च्या पोराने फोनाफोनी केली, आणि पेपर संपले तसे आसपासच्या गावांतले नऊ जण आपापल्या सायकलींनी तलावावर जाऊ लागले. त्यातल्या चौघांची नावं आमच्या योजनेच्या यादीत कधीच नव्हती. जेवण ढिवर टोलीतल्या घरांनी घातलं. मी एकदा बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो, तर म्हातारबा म्हणाले, "सर, ते ठेवा, आन् पँट वर करून आत या."