दोन सुया, एक दोरा

गाडीच्या स्टिअरिंगला कातड्याचे आवरण घरीच, हाताने शिवावे असे मी ठरवले, त्याला दोन कारणे होती. पहिले चारचौघांत सांगण्यासारखे आहे. आमची मारुती ८०० जुनी. त्या गाडीचे उत्पादनच २०१४ साली थांबले. उन्हात उभी राहून राहून तिच्या चाकाचे प्लास्टिक चिकट झाले होते आणि अण्णा गाडी चालवून आले की त्यांचे तळवे काळे झालेले असत. बाजारात मिळणारी तयार आवरणे रेक्झिनची, सगळ्या गाड्यांना एकच माप. ती चाकावर सरकतात. वळणावर आवरण हातात फिरले आणि चाक जागीच राहिले म्हणजे काय होते, हे ज्याने चौतीस वर्षे एस. टी. चालवली त्याला समजावून सांगावे लागत नाही. अशी दोन आवरणे अण्णांनी काढून फेकून दिली होती.

दुसरे कारण मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. माझे आजोबा चांभार होते. जातीने होते आणि कामानेही होते. माझ्या जन्मानंतर मात्र आमच्या घरात कातड्याला कोणी सुई लावली नाही. अण्णा नेहमी सांगत, ‘‘मी कधी आरीला हात लावला न्हाई. मी शाळंत होतो.’’ आमच्या घराण्याचा इतिहास या दोन वाक्यांपासून सुरू होतो. ते ड्रायव्हर झाले, मी मराठीचा प्राध्यापक झालो, आणि आजोबांची हत्यारे कुठे गेली हे कोणी विचारले नाही.

मराठी शिकवणाऱ्याला मात्र हा विषय टाळता येत नाही, कारण भाषाच तो अंगावर टाकते. सामासिक शब्दांच्या तासाला ‘चांभारचौकशी’ हा शब्द उदाहरण म्हणून सहज येतो, म्हणींच्या तासाला चांभाराची नजर जोड्यावर जाते. माझी पहिली काही वर्षे हे शब्द ओलांडून पुढे जाण्यात गेली. पुढे मी ते थांबून शिकवू लागलो. पायांत जे घालायचे त्याला जोडा म्हणतो, वहाण म्हणतो, पायताण म्हणतो, खेटर म्हणतो. आणि यांतला कोणता शब्द कोणी कोणाशी बोलताना वापरायचा हे कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नसले तरी गावातल्या पोराला पाठ असते. खुद्द पदार्थाचेही तसेच. अंगावर असते ती कातडी, सोलून काढले की ते कातडे, बाजारात गेले की चामडे, सरकारी कागदावर चर्म, आणि काचेच्या कपाटात ठेवून किंमत चिकटवली की लेदर. या उतरंडीत जो खालून वर जातो तो पदार्थ. त्याला हात लावणारा माणूस आहे तिथेच राहतो. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ शिकवताना हे मी वर्गात अनेकदा म्हटले असेन. शिक्षक झालेल्या, तरी गावाच्या लेखी जातीचाच राहिलेल्या माणसाची ती दैनंदिनी. ती शिकवणे मला जमत असे. आरी हातात घेणे ही वेगळी गोष्ट होती.

ते धाडस मला यूट्यूबने दिले, हे कबूल केले पाहिजे. एक दाढीवाला परदेशी गृहस्थ स्वच्छ टेबलाशी बसून एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतो, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी त्या काढतो आणि या टाक्याला खोगीर शिवणाऱ्यांचे नाव कसे पडले ते सांगतो. यंत्राच्या शिवणीत दोन धागे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी चालतो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. हे काम आपल्याला आजोबांकडून मिळाले असे तो गृहस्थ सांगत होता आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मी ती चित्रफीत मागे नेऊन तेवढाच भाग पुन्हा पाहिला.

कातडे आणायला मी धारावीत गेलो. कोल्हापुरी चपलेचे कातडे या कामाला चालत नाही. ते बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. तळव्याखाली घडत जाते, पण पाण्याने डागाळते आणि वाळले की ताठ होते. स्टिअरिंगला क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले, मऊ आणि घामाला दाद न देणारे कातडे लागते. ही रीत त्या मानाने अलीकडची. तिचे पहिले महत्त्वाचे पेटंट अमेरिकेत १८८४ साली घेतले गेले. (‘कमावणे’ हे क्रियापद मराठीने पैशाला, शरीराला, आवाजाला आणि कातड्याला सारखेच लावले आहे. यांपैकी तिघांबद्दल माणसाचे कौतुक होते.) दुकानदाराने सव्वा मिलिमीटर जाडीचे म्हशीचे कातडे पुढे केले. मी दोन्ही हातांनी ते आडवे-उभे ताणून पाहिले. कण्याच्या दिशेने ते कमी ताणते, पोटाकडे जास्त. पट्टी कण्याच्या दिशेने कापावी, नाहीतर काही महिन्यांत ती लांबीत सैल पडते. दुकानदाराने विचारले, ‘‘सर, आप कारीगर हो?’’ मी घाईने नाही म्हणालो. त्याने ‘सर’ आणि ‘कारीगर’ एकाच वाक्यात वापरले होते, ते मला परतताना लोकलमध्ये लक्षात आले.

आता मापे. चाकाचा बाहेरचा परीघ ११६ सेंटिमीटर भरला, आतला ९९. मुठीत येणाऱ्या कडीचा घेर साडेआठ. खरी अडचण पहिल्या दोन आकड्यांमध्ये आहे. सरळ पट्टी कड्यावर गुंडाळली की तिच्या पाठीला ११६ सेंटिमीटर पुरायचे असते आणि तिच्या दोन्ही कडा, जिथे शिवण येणार, त्यांना ९९ मध्ये मावायचे असते. कातडे बाहेरून ताणावे आणि आतून आवळावे, तेही एकाच वेळी, सुरकुती न पडता. म्हणून पट्टी परिघापेक्षा आखूड कापतात. मी १०८ सेंटिमीटर कापली, रुंदीही घेरापेक्षा तीन मिलिमीटर कमी ठेवली. कडा रापीने तासून पातळ केल्या. दर पाच मिलिमीटरवर एक याप्रमाणे एकेका कडेला २१६ भोके, दोन्ही मिळून ४३२. भोके पाडायचा दातेरी ठसा मी ऑनलाइन मागवला होता. टोके जोडून पट्टीचे कडे केले, कोमट पाण्याने ओलसर करून चाकावर चढवले, दोऱ्याला मेण लावले आणि एका रविवारी सकाळी अंगणात गाडीचे दार उघडे टाकून बसलो.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. आठवडाभर त्यांनी या कामाबद्दल एक अक्षरही काढले नव्हते. फक्त कातडे घरात आणले त्या दिवशी त्यांनी त्याला हात न लावता वास घेतला होता.

मी चाकाच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली आणि एकेक भोक जुळवत घड्याळाच्या काट्यासारखा पुढे गेलो. पहिले पाव चाक सुरेख झाले. अर्ध्यापर्यंत मी मनातल्या मनात त्या दाढीवाल्याला उत्तर देऊ लागलो होतो. पाऊण चाक झाले तेव्हा कातडे पुढे सरकत सरकत चालले आहे असे वाटू लागले, आणि शेवटच्या पाव भागात सगळे उरलेले कातडे येऊन त्याचा फुगा झाला. भोके समोरासमोर होती, पण मध्ये बोटभर उंचीच्या चुण्या उभ्या राहिल्या. मी त्या दोऱ्याने दाबायचा प्रयत्न केला. इतका जोर लावला की एका भोकाची चीर झाली.

‘‘कुठनं धरलंस?’’ अण्णा मागे येऊन उभे होते.

‘‘खालून.’’

‘‘आन् तसाच फिरत आलास. मग ढील शेवटाला गोळा हुनारच की. मोटंच्या कड्याला असं केलं तर मोट गळंल. आदी चार जागी धरायचं, मग मधलं भरायचं.’’

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. विहिरीवर बैल जुंपून पाणी काढायची ती कातड्याची थोरली पखाल. खाली सोंड, वर तोंड, आणि ते तोंड उघडे राहावे म्हणून कातडे लोखंडी कड्याला बांधलेले. सपाट कातडे गोल कड्यावर बसवायचे आणि कुठे झोळ पडू द्यायचा नाही, हा तोच पेच. मोटा इंजिने आणि विजेचे पंप आले तशा गेल्या. मी एक मोडकी मोट लहानपणी पाहिली असेन. तिच्या कड्याला कातडे आधी किती ठिकाणी धरतात, हे ओट्यावर बसून शाळेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला कळण्याचे कारण नव्हते.

‘‘अण्णा, तुम्ही मोट शिवलीय?’’

‘‘माझा चष्मा आन.’’

मी चष्मा आणला. तोवर ते सीटवर बसून, एक पाय दाराबाहेर ठेवून माझे टाके उसवत होते. सगळे नाही, आधी वर, मग खाली, मग दोन बाजूंना त्यांनी तीन-तीन टाक्यांनी कातडे धरले, अंगठ्याने पाठीवरून दाबत ढील चारही भागांत वाटून दिली आणि माझ्याकडे पाहिले. चुण्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. तीन भाग मी शिवले. मधे मधे ते सांगत होते. ‘‘दोरा वढ, कातडं वढू नगंस.’’ दोन्ही सुया एकदम ओढायच्या, ओढताना कडेवर अंगठा ठेवायचा, आऱ्यापाशी आलो की घाई करायची नाही. खालचा पाव भाग त्यांनी मला दिला नाही. चहाची बशी धरताना त्यांचा हात हल्ली कापतो. सुई धरताना तो कापत नव्हता. मी चाळीस मिनिटे शेजारच्या सीटवर बसून ते पाहत राहिलो आणि मला राग येत होता. कोणाचा, ते मला धड कळेना. सत्तेचाळीस वर्षे एक वाक्य खरे मानून मी माझे वाचन, माझे शिकवणे त्याच्यावर उभे केले होते. आणि तरी हेही दिसत होते की ते वाक्य त्यांनी तसे धरून ठेवले, म्हणूनच रविवारची हौस म्हणून कातडे शिवायला बसण्याची ऐपत मला आली. आजोबांना हौस हा शब्द या कामासाठी सुचला नसता. अण्णांना तो आजही सुचत नव्हता.

शेवटची गाठ त्यांनी आत दडवली, दोरा दातांनी तोडला.

‘‘अण्णा, कितव्या वर्षापर्यंत करत होता?’’

‘‘कुनी इचारलं तर इकत आनलंय म्हन,’’ ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आवरण वाळल्यावर घट्ट बसले, कुठे सरकत नाही. नीट पाहिले तर खालचा पाव भाग वेगळा ओळखू येतो. माझे टाके ठशाने पाडलेल्या भोकांत आखल्यासारखे बसले आहेत, पण दोरा कुठे ताठ तर कुठे सैल आहे. त्यांच्या भागात प्रत्येक टाका कातड्यात सारखाच रुतला आहे.

मागच्या महिन्यात महाविद्यालयातले एक सहकारी आमच्याबरोबर बसस्थानकापर्यंत आले. पुढच्या सीटवर बसताच त्यांनी चाकाकडे पाहिले.

‘‘वा! कुठून आणलंत?’’

‘‘घरी शिवलं,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही? सर, छान छंद आहे हा. शिकलात कुठे?’’

‘‘यूट्यूबवर.’’

मी आरशात पाहिले. अण्णा मागच्या सीटवर होते आणि खिडकीबाहेर पाहत होते.