वही लपवणाऱ्या बाईचं चरित्र

मुलांसाठी लिहिलेली लेखिकांची चरित्रं मी आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गासाठी गोळा करते. पातळ पुस्तकं. वर डोक्यावर पदर घेतलेली बाई. आत सगळ्या बाया सारख्याच. लहानपणी हुशार, मोठेपणी थोर, नवरा कायम समंजस.

सावित्रीमाईंना जोतीरावांची साथ होती, ते खरंच आहे. पण तिथंही शेण आहे, शाळा आहे, प्लेग आहे. १८५४ साली 'काव्यफुले' छापणारी कवयित्री एका ओळीत उरकलेली. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे तर नुसती चौकटीत. मांगाची पोर, चौदाएक वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. आपल्या पोरांच्याच वयाची लेखिका हाय ही, आन् तिला चौकट!

मग ठरवलं, आपणच लिहू. बेबीताई कांबळे घेतल्या. जन्म १९२९, वीरगावचा. तेराव्या वर्षी लग्न. फलटणला दुकान. पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायच्या, दुकानात बसूनच लिहायच्या, आणि लिहिलेलं नवऱ्यापासून लपवायच्या. एक-दोन दिवस नाही, वीस वर्षं. मग ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं.

इथवर सगळ्यांना पसंत. नवऱ्याचा मार लिहिला तेव्हा विहारातले एक दादा म्हणाले, "ताई, हे कशाला? पोरं ल्हान हायती. आन् भाईरच्यांच्या हातात आयतं कोलीत."

मी म्हणाले, "दादा, महारवाड्यातली उपासमार लिहिली तवा पोरं ल्हान नव्हती?"

दादा गप्प. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात खोडा घालत, हे बेबीताईंनी पुस्तकात छापून सांगितलं. स्वतःचा मार मात्र पुढं मुलाखतीत सांगितला. एवढ्या उशिरानं उघडलेलं तोंड आपण पोरांच्या पुस्तकात परत दाबायचं? चळवळीतल्या घरात मार नसतो असं ज्याला वाटतं, त्यानं रात्री आमच्या गल्लीतून एक फेरी मारावी.

ते पान ठेवलं. वाचून दाखवलं तेव्हा पोरं घाबरली नाहीत. सातवीतली एक पोरगी मागं थांबली. म्हणाली, "ताई, माजीबी एक वही हाय. पिठाच्या डब्यामागं."

आता शांताबाई कांबळेंची 'माज्या जल्माची चित्तरकथा' घेतोय. ज्यांना पानं लिहायचीत त्यांनी रविवारी यावं. पेन आपापला आणावा.