हातांचा आमवात : माझा चार वर्षांचा अनुभव

आज पिकाबद्दल नाही, हाताबद्दल लिहितो. "भाऊ, हात बरे झाले, औषध कोणतं?" असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर.

चार वर्षांपूर्वी सोयाबीन निघालं आणि दोन्ही हातांची बोटं सकाळी वळेनाशी झाली. धार काढायला बसलो तर मूठच बंद होईना. दीड-दोन तासांनी जरा सैल पडायची. झिजेचं दुखणं काम केल्यावर वाढतं. हे उलटं होतं, बसून राहिलं की जास्त. अंगात कणकण, थकवा वेगळाच.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या झाल्या. निघालं ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण म्हणतो तो आमवात. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा ना.

मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी बाजाराचा दिवस धरलाय, म्हणजे विसर पडत नाही. फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील तसं. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. शेणखत टाकल्यावर दुसऱ्या दिवशी पीक उठतं का? या काळात दोन दिवसांत उतार देणाऱ्या पुड्या सुचवणारे भेटतात. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

त्या वर्षी दोन एकर बटईनं दिलं. धार मुलगा काढू लागला. गोठ्यात नुसतं उभं राहणं जड गेलं. खुरप्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली, पकड सोपी झाली. हातपंप जाऊन बॅटरीचा पंप आला. फवारणी संध्याकाळी, कारण तेव्हा बोटं मोकळी असतात. बिडीनं हा आजार बळावतो, तीही सुटली.

आता वर्षभर सूज नाही. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं राहिलं, ते तसंच राहणार. डॉक्टर म्हणतात, आजार दबलाय, गेला नाही. लव्हाळा वर दिसत नाही म्हणून रान स्वच्छ झालं असं आपण म्हणत नाही, गाठी खाली असतातच. म्हणून गोळी चालू आहे आणि ठरल्या वेळी लिव्हरची, रक्ताची तपासणीही.

हा आजार बायांना जास्त होतो. निंदणीला जाणाऱ्या आपल्या घरच्या बाईची बोटं सकाळी तासाच्या वर आखडत असतील, दोन्ही हातांना सूज असेल, तर "वात आहे, जाईल" म्हणू नका. सांधा एकदा वाकडा झाला की गोळीनं सरळ होत नाही. खुरपं हातात देण्याआधी एकदा तिचा हात बघा.