तांबडा चतुर

परवां संध्याकाळीं आमच्या घरीं एक नवल घडलें. म्हणजे आम्ही रडलों. अडतीस वर्षें शाळेंत खडू झिजविलेल्या माणसाच्या डोळ्यांस पाणी येणें ही गोष्ट घरांतील मंडळींस इतकी अपरिचित, कीं सूनबाईंनीं प्रथम नव्या चष्म्याच्या कांचांवर दोष ठेवला. धाकट्या बंधूंनीं दम्याची गोळी पुढें केली. खरें कारण एकट्या आमच्या नातीस ठाऊक होतें, आणि ती बिचारी आपल्या हातून कांहीं अपराध घडला अशा मुद्रेनें भिंतीशीं उभी होती.

ही नात म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंची नात. पुण्यांत हल्लीं जपानी भाषा शिकणाऱ्या मुलांमुलींची वाण नाहीं. त्यांतलीच ती एक. तिच्या वर्गांत भाषेबरोबर तिकडचीं गाणींही शिकवितात. त्या दिवशीं ती मोबाईलवर एक गाणें पुन्हां पुन्हां लावून त्याबरोबर गुणगुणत होती. आम्ही शेजारीं 'उत्तररामचरित' उघडून बसलों होतों. पांच-सहा वेळां तीच चाल कानीं पडल्यावर आम्हीं किंचित् त्रासूनच विचारलें, "काय गं, हा भूप कोण गातो आहे?"

"आजोबा, भूप नव्हे. हें 'आका तोंबो.' म्हणजे तांबडा चतुर."

चतुर म्हणजे पावसाळा सरतांना कुंपणावर बसणारा तो लांब शेपटीचा कीटक. एवढ्याशा प्राण्यावर गाणें काय आणि तें सबंध राष्ट्राला पाठ असतें काय, याचें आम्हांस हसूं आलें. मग तिनें अर्थ सांगितला, आणि त्या अर्थानें आमचें हसें आमच्याच पदरीं घातलें.

गाण्याचे शब्द मिकी रोफू या कवीचे. ते १९२१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांस चाल दिली यामादा कोसाकू यांनीं, १९२७ सालीं. रोफू जन्मले १८८९ मध्यें, ह्योगो प्रांतांतील तात्सुनो या गांवीं. ते अगदीं लहान असतांनाच आईबापांची फारकत झाली आणि आई घर सोडून गेली. कविता लिहिली तेव्हां ते तिशी ओलांडलेले गृहस्थ होते, आणि उत्तरेकडील होक्काइदो बेटावर ख्रिस्ती साधूंच्या एका मठांत साहित्य शिकवीत होते. तेथें संध्याकाळच्या तांबूस उजेडांत एक चतुर त्यांच्या दृष्टीस पडला. त्यावरून त्यांस तो चतुर आठवला, जो त्यांनीं कुणाच्या तरी पाठीवरून प्रथम पाहिला होता. ती पाठ त्यांस सांभाळणाऱ्या मोलकरीण पोरीची. कवितेच्या मधल्या भागांत एवढेंच येतें, कीं ती पोर पंधराव्या वर्षीं लग्न होऊन गेली आणि मग गांवाकडची पत्रेंही यावयाचीं थांबलीं. शेवटीं पुन्हां चतुर. काठीच्या टोंकावर स्वस्थ बसलेला. संपलें. कोठें 'हाय हाय' नाहीं, 'अरेरे' नाहीं, त्या पोरीचें पुढें काय झालें याची विचारपूसही नाहीं.

नातीनें एक मौजही सांगितली. जपानींत 'पाठीवर वाहिलेला' आणि 'पाठलाग केलेला' या दोन अर्थांचीं क्रियापदें या ठिकाणीं कानाला एकसारखींच लागतात. त्यामुळें तिकडचीं कित्येक माणसें लहानपणापासून अशी समजूत करून घेतात कीं, चतुर मुलाच्या मागें लागला होता! मोठेपणीं कोणी शब्द लिहून दाखविला, म्हणजे मग त्यांस ती पाठ दिसते. आम्ही व्याकरणाचे मास्तर. एका श्लेषाखालीं सबंध मुलगी दडून बसलेली पाहून आम्हांस जें वाटलें तें वर्गांत सांगतां येण्यासारखें नव्हे.

चालीविषयीं मात्र आमचा कान चुकला नव्हता. या गाण्यांत मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. राहिले ते भूपाचेच पांच स्वर. राग म्हणून तो भूप नव्हे. चलन निराळें, आणि पहिल्याच ओळींत सूर जो एकदम उंच चढतो तो आपल्याकडील गवई तसा चढविणार नाहीं. परंतु सामग्री तीच. जपानांत या पद्धतीस 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा सूर गाळलेली. तिचा एक कोमल प्रकारही आहे : षड्ज, ऋषभ, कोमल गांधार, पंचम, कोमल धैवत. त्यांतला पंचम हाच षड्ज मानून पेटीवर बोटें फिरवावीं, तों आपल्या गुणकलीचे स्वर हातीं लागतात. आम्हीं दोन दिवस हा उद्योग केला. सूनबाईंस तो फारसा रुचला नाहीं.

जपानी लोकांस हे गाळलेले दोन सूर पूर्वीं खरोखरच जड जात. इसावा शूजी नांवाचे एक शिक्षक १८७५ सालीं अध्यापनशास्त्र शिकण्यास अमेरिकेंत गेले. तेथें सर्व विषय जमले; पण सप्तक गातां येईना. प्राचार्यांनीं दयाबुद्धीनें संगीताची माफी देऊं केली, तेव्हां हे गृहस्थ तीन दिवस रडले असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे! पुढें मेसन नांवाच्या संगीतशिक्षकापाशीं त्यांनीं तें सप्तक साधलें, मायदेशीं परतून त्याच मेसनला बोलावून घेतलें आणि शाळांसाठीं गाण्यांचीं पुस्तकें सिद्ध केलीं. त्यांतील १८८१ सालच्या पुस्तकांत एका स्कॉटिश चालीवर काजव्यांच्या उजेडांत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचें गाणें आहे. तीही चाल पांच सुरांचीच, म्हणून ती तेथें परकी वाटली नाहीं. आजही तिकडे तिच्या सुरांवर शाळेचा निरोप घेतात, आणि दुकानें बंद होण्याची सूचनाही याच सुरांनीं देतात म्हणे.

त्या मालेंतील १८८४ चें एक गाणें आमच्या धंद्याचें आहे : 'आओगेबा तोतोशी.' शाळा सोडून जाणारीं मुलें गुरूंचे उपकार आठवितात, असा त्याचा आशय. शंभरांहून अधिक वर्षें जपानी मास्तर फाल्गुनाच्या सुमारास हें गाणें ऐकून डोळे पुसत आले. तें अस्सल जपानी कीं परदेशी, याविषयीं पंडितांत वाद होता. २०११ सालीं असें उघडकीस आलें, कीं मूळ चाल १८७१ च्या एका अमेरिकन शालेय गीतसंग्रहांतली. अमेरिका तें गाणें कधींच विसरून गेली, जपाननें सांभाळलें. किनोशिता केइसुके यांचा १९५४ चा 'चोवीस डोळे' हा चित्रपट नातीनें आम्हांस दाखविला. त्यांत हीच चाल आहे. बेटावरील एका शाळेंत बारा मुलांना शिकविणारी एक बाई, आणि युद्धांत त्या बारांचें झालेलें काय काय. त्या दिवशीं आम्ही रडलों नाहीं, मात्र जेवणही नीट झालें नाहीं.

हल्लीं हें गाणें पुष्कळ शाळांनीं सोडलें. भाषा जुनी झाली, आणि गुरूंची थोरवी मुलांकडून वदवून घेणें नव्या काळास मानवेना. आम्हांस यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. स्वतःची आरती स्वतःच बसवून घेणें हें अवघडच. १९९१ सालीं सैतामा प्रांतांतील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनीं, कोजिमा नोबोरू यांनीं, निघून जाणाऱ्या मुलांसाठीं नवें गीत लिहिलें. शाळेंतल्या संगीताच्या बाईंनीं चाल लाविली आणि शिक्षकांनींच तें मुलांपुढें गायिलें. मुख्याध्यापक त्याच वर्षीं निवृत्त झाले. पुढें तें गाणें देशभर पसरलें. असा निरोप आमच्या शाळेस सुचला नाहीं. आम्हांस शाल आणि नारळ मिळाला.

रडविणारीं सारींच जपानी गाणीं आम्हांस भावलीं असें नाहीं. 'एंका' नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत बंदर, पाऊस, मद्याचा पेला आणि सोडून गेलेला प्रियकर यांवांचून पान हालत नाहीं. मिसोरा हिबारी ही त्यांतील सम्राज्ञी. तिचें १९६६ चें 'दुःखाचें मद्य' गातांना तिच्या गालांवरून खरेच अश्रू ओघळत. गळा असामान्य, यांत शंका नाहीं. परंतु गाणारानें आधीं रडून घेतलें कीं ऐकणारास काम उरत नाहीं, असें आमचें जुनाट मत आहे. त्यापेक्षां साकामोतो क्यू याचें १९६१ चें गाणें आम्हांस भलें वाटलें. अश्रू खालीं पडूं नयेत म्हणून वर पाहत चालूं या, एवढाच त्याचा भाव, आणि चाल तर शीळ घालीत जाणाऱ्या पोराची! १९६३ सालीं हें जपानी गाणें अमेरिकेंत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें; पण व्यापाऱ्यांनीं त्यास 'सुकियाकी' हें एका मांसाच्या रश्शाचें नांव दिलें. मेघदूतास कोणीं 'कोथिंबीरवडी' म्हणावें तसें झालें. तो गायक १९८५ च्या विमान-अपघातांत गेला. त्याच्यासह पांचशें वीस माणसें गेलीं.

पण आम्ही रडलों तें या कोणासाठीं नव्हे.

कोंकणांतील आमच्या घरीं आम्हांस एका मुलीनें वाढविलें. आमची आई अंथरुणास खिळलेली. ही मुलगी आजीच्या लांबच्या नात्यांतली, आईबापांवेगळी, म्हणून घरांत आणून ठेवलेली. तिला सारे अक्का म्हणत. पाठुंगळीं घेऊन ती आम्हांस बांधावरून देवळाकडे नेई. तिच्या वेणीला खोबरेल तेलाचा वास येई आणि आम्ही ती वेणी लगामासारखी ओढीत असूं, इतकें पक्कें आठवतें. १९६३ सालीं सोळाव्या वर्षीं तिचें लग्न झालें. कायद्यानें तेव्हां पंधरा पुरे होतीं. नवरा घाटावरचा, बिजवर. आम्ही पांच वर्षांचे होतों.

मग तिचीं कार्डें येऊं लागलीं. आजोबा जेवणानंतर तीं मोठ्यानें वाचीत आणि तारेंत अडकवून ठेवीत. अक्षर वेडेंवांकडें. शेवटीं ठरलेला प्रश्न : बाळ लिहूं लागला कां? पहिल्या कार्डास उत्तर गेलें. पुढें घरांत बाळंतपणें, आजारपणें, वांटणीचे वाद; उत्तर राहून गेलें. बाळ लिहूं लागला, तोंवर कार्डें थांबलीं होतीं. बाळानें पुढें अडतीस वर्षें मुलांस पत्रलेखन शिकविलें, मायना कोठें आणि पत्ता कोठें तें फळ्यावर काढून दाखविलें, आणि स्वतः एक कार्ड टाकलें नाहीं.

हें सारें त्या संध्याकाळीं आम्हीं नातीस सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आजोबा, अक्कांचें नांव काय हो होतें?"

आम्हांस तें ठाऊक नव्हतें.

रात्रीं रत्नागिरीस थोरल्या चुलतबंधूंना दूरध्वनी केला. त्यांचें वय आतां ऐंशींच्या पुढें. बराच वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, अक्का म्हणजे अक्काच. लग्नपत्रिका कुठली छापायला तिची!" तारेंतलीं कार्डें, छपराचीं कौलें उतरविलीं त्या वर्षीं खालीं काढलीं होतीं, पुढें त्यांचें काय झालें तें त्यांस सांगतां येईना. माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची पेटी मात्र अजून आहे म्हणतात. किल्ली हरवली आहे. वैशाखांत आम्ही तिकडे जाणार आहों. नातही येतें म्हणते आहे.