कैलासाचे कारागीर आणि मी पाठवलेला व्हिडिओ

निवृत्तीनंतर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विज्ञान-इतिहासाचे छोटे व्हिडिओ पाठवू लागलो. नोकरीभर खडू आणि भिंतीवरचा नकाशा यांवर भागवलं. आता दीड-दोन मिनिटांत अख्खं लेणं आकाशातून दाखवता येत होतं. तो आनंद खरा होता.

त्यात वेरूळच्या कैलास लेण्याचा एक व्हिडिओ आला. चित्रण देखणं. छिन्नी-हातोड्यानं एवढा डोंगर कोरणं माणसाला शक्यच नाही, हे परग्रहावरच्या यंत्रांचं काम, असं निवेदक ठासून सांगत होता. ते मला खटकलं. तरी दृश्यं सुंदर आहेत, बाकीचं मुलं समजून घेतील, असं म्हणत मी 'अवश्य पाहा' लिहून तो पाठवून दिला.

एका विद्यार्थिनीचं उत्तर आलं : "सर, दगडावर टाकीचे घाव दिसतायत की. माझे आजोबा जात्यांना टाकी लावायचे. मी ते घाव ओळखते."

मी काय केलं? काही न बोलता व्हिडिओ काढून टाकला. पाठवण्यापेक्षा ही चूक मोठी होती. तोवर तो ग्रुपमधून पुढे कुठे कुठे गेला होता, आणि माझं 'अवश्य पाहा' त्याच्याबरोबर गेलं होतं. इतिहासाच्या सरांनीच पाठवलाय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

वाईट याचं वाटतं, की उत्तर मला पाठ होतं. कैलास आठव्या शतकातला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडलेला. कारागिरांनी कड्यात तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ सुटा केला आणि मग कळसाकडून पायाकडे कोरत आले. नमुनाही त्यांच्यासमोर होता. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीनं थोडंच आधी बांधवलं होतं, आणि दोन्हींतलं साम्य नजरेत भरतं. डोंगर कोरण्याचा सराव तर सह्याद्रीत कित्येक शतकांचा. भाजे, कार्ले, अजिंठा त्याची साक्ष देतात.

नवल तेव्हाच्या लोकांनाही वाटलं होतं. ८१२ सालच्या बडोदा ताम्रपटात म्हटलंय, की हे मंदिर पाहून देव थक्क झाले आणि आपल्या हातून हे घडलं कसं, म्हणून खुद्द शिल्पीच चकित झाला. पुढे मराठी 'कथाकल्पतरू'त पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्यानं हे देऊळ वरून खाली कोरल्याची कथा आली. ती इतिहास नव्हे, पण तिनंही श्रेय माणसालाच दिलं. मी पाठवलेल्या व्हिडिओनं मात्र ते काढून घेतलं, आणि ज्या घरात टाकी चालत होती त्या घरातल्या मुलीला ते सांगावं लागलं.

बऱ्याच दिवसांनी मी ग्रुपवर हे सगळं सविस्तर लिहिलं आणि तिची माफी मागितली. व्हिडिओवर आले होते तितके प्रतिसाद त्याला आले नाहीत. व्हिडिओ मी अजूनही पाठवतो, पण त्यात घडवणाऱ्या माणसांचा, शिलालेखाचा, पुराव्याचा उल्लेख नसेल तर तो मीच सोबत लिहितो. नाही जमलं तर पाठवत नाही.

तुमच्याकडे तो व्हिडिओ कधी माझ्या शिफारशीसह पोचला असेल, तर कृपया त्याच्याखाली त्या ताम्रपटाची गोष्ट लिहा. आणि वेरूळला जाल तेव्हा कैलासात, म्हणजे सोळाव्या लेण्यात, मूर्ती पाहून झाल्यावर मागच्या कड्याजवळही थांबा. टाकीचे घाव तिथे आजही दिसतात.